फोनवरची उशी

आमच्या गल्लीत गाद्यांचं एकच दुकान. ते चालवणाऱ्या बाईला सगळे दाभणमावशी म्हणायचे. दाभण म्हणजे गादीला टाके घालायची ती वीतभर लांब, जाड सुई. ती सदान्‌कदा मावशीच्या हातात असायची म्हणून हे नाव पडलं, असं तिचे यजमान सांगत. गल्लीचं म्हणणं असं की दाभण हातात नसली तरी ही बाई टोचतेच. पुरावे दोन्ही बाजूंना भरपूर होते.

पण गंमत बघा. जिनं अख्ख्या वस्तीच्या झोपेची सोय लावली, तिला स्वतःला धड झोप नव्हती. दुकानात भिंतीला टेकून गाद्यांची रांग उभी. कापसाच्या, काथ्याच्या, फोमच्या. त्यातली एकही तिच्या अंगाला मानवली नाही. चाळिशी ओलांडली आणि तिचं दुखणं सुरू झालं. आधी खांदा दुखला, तेव्हा सगळे म्हणाले, कामानं असेल. मग मान, मग पाठ, मग गुडघे, मग बोटांची पेरं. दुखणं भाडेकरूसारखं एका खोलीत राहीना, घरभर फिरायला लागलं. झोपून उठली की झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेली असायची. कपड्याची शिवण टोचायची, भांड्याचा आवाज कवटीत घुसायचा. बोलता बोलता शब्द हरवायचे.

"डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं हो," ती यजमानांना सांगायची. "आणि तोही पिंजलेला नाही. गाठींचा."

यजमान बिचारे कापूस जाणणारे. त्यांना ते लगेच कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. तपासण्या झाल्या, रक्त झालं, फोटो झाले. सगळं स्वच्छ. प्रत्येक स्वच्छ रिपोर्टला शेजारीपाजारी अभिनंदन करून गेले आणि ती दार लावून रडली. एवढी दुखणारी बाई आणि कागदावर ठणठणीत! मग गल्लीनं आपला निकाल दिला. काम टाळायची युक्ती आहे, म्हणाली गल्ली. शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून सांगायचा, "बायकोनं दुखणं काढावं तर असं. दिसत नाही, संपत नाही." मानेवर वस्तरा असल्यावर गिऱ्हाईक काय विरोध करणार?

मावशीची नणंद तर खास तपासायला आली. चार दिवस राहिली, पाहिलं, आणि जाताना म्हणाली, "वहिनी, तुमचं दुखणं मोठं सोयीचं हं. घासायची भांडी पडली की नेमकं येतं."

"हो ना वन्सं," मावशी म्हणाली. "मलाही नवल वाटलं. तुम्ही आलात की वाढतं, गेलात की उतरतं. डॉक्टरांच्या कानावर घातलंय मी."

नणंद पुन्हा मुक्कामाला आली नाही. मावशी म्हणायची, इतक्या औषधांत हेच एक लागू पडलं.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी तिला नीट दाबून पाहिलं, नीट ऐकून घेतलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं. फायब्रोमायाल्जिया. यानं मरण येत नाही, म्हणाल्या, पण हे जातही नाही. काही दिवस कमी, काही दिवस जास्त. गोळी घ्या, रोज थोडं चाला, झोपेची वेळ पाळा आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात आठवड्याचं काम उपसू नका. मावशी घरी आली ती एखादं बक्षीस मिळाल्यासारखी. तिनं अख्ख्या गल्लीला ते नाव पाठ करायला लावलं. नाव इतकं लांब की म्हणता म्हणताच ऐकणाऱ्याचा निम्मा संशय दमून खाली बसायचा. सलूनवाल्याला मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही. तो "ते मावशीचं इंग्रजी दुखणं" म्हणायचा.

त्यानंतर मावशीनं गुरुवार सुरू केला.

गुरुवारी दुपारनंतर दुकानातलं कापूस पिंजायचं यंत्र बंद असे. धूळ नाही, खडखडाट नाही. मागच्या खोलीत विकायच्या गाद्या अंथरलेल्या. आपल्यासारखेच ज्यांचे आजार जन्माला चिकटलेत, त्यांनी यावं आणि नुसतं पडावं, एवढीच कल्पना. बसायचं कशाला? बसणंच तर जड जातं! पहिल्यांदा आला एक निवृत्त बसड्रायव्हर. त्याचा कणा हळूहळू बांबूसारखा ताठ होत चालला होता, मागे बघायचं तर अख्खा देह वळवावा लागे. "बस वळवत होतो तेव्हाची सवय आहे," म्हणायचा. मग बँकेतली एक मुलगी यायला लागली, आतड्याच्या आजारानं काडी झालेली. आणि लायब्ररीवाल्या बाई.

लायब्ररीवाल्या बाई सगळ्यांत वडील. सांध्यांनी त्यांची बोटं अशी वाकडी केली होती की पुस्तकाचं पान त्या तळहातानं उलटायच्या. लग्न केलं नाही, एकट्याच राहायच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. आयुष्य लोकांना "हळू बोला" सांगण्यात गेलेलं, त्यामुळे स्वतःही हळूच बोलायच्या. त्यांना खिडकीजवळची कापसाची गादी लागायची. मावशी ती गादी गिऱ्हाइकाला दाखवायचीच नाही.

गल्लीनं या मेळाव्याला नाव ठेवलं, पडीक मंडळ. हे नाव कुणी ठेवलं, ते विचारू नका. चांगलं आहे म्हणूनच टिकलं.

मंडळाचे नियम मावशीचे. "कसं वाटतंय?" हा प्रश्न इथे कुणी विचारायचा नाही. उपाय सांगायचे नाहीत. आपल्या आत्याला अगदी असंच व्हायचं आणि ती अमुक घेऊन खणखणीत झाली, ही आत्या दाराबाहेर ठेवून यायची. "आज छान दिसताय" म्हणणाऱ्याला चहा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम फोनचा. ज्याला यायला जमणार नाही त्यानं दुकानाच्या फोनवर एक रिंग देऊन बंद करायचा. त्याचा अर्थ: मी आहे, येता येत नाही, काळजी करू नका. फोन उचलायचा मात्र नाही. उचलला की पलीकडच्याला बोलावं लागतं, कारण द्यावं लागतं, आवाज बरा काढावा लागतो. येण्यापेक्षा न येण्याचं कारण देण्यात जास्त ताकद जाते, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

या नियमाचा मावशीला भारी अभिमान. लायब्ररीवाल्या बाईच एकदा म्हणाल्या होत्या, "साऱ्या जगात ही एकच जागा आहे, जिथे मला खुलासा करावा लागत नाही." हे वाक्य मावशीनं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की आमच्याच तोंडून बाहेर पडायचं बाकी होतं.

त्या वर्षी थंडी वाढली आणि बाईंचं येणं थांबलं. जिना उतरवत नव्हता. गुरुवारी फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. मंडळी आपापल्या गादीवरून छताला सांगायची, "बाई." झालं. असे बरेच गुरुवार गेले.

यजमान कधी मध्ये बोलायचे नाहीत, पण एकदा म्हणाले, "अगं, जाऊन बघून येऊ का मी? एकटी बाई आहे."

"आणि काय विचाराल?"

"विचारीन की, कसं—" आणि थांबले.

"तेच," मावशी म्हणाली. "जग तेच विचारतं त्यांना. आपण तरी नको. फोन येतोय ना वेळेवर?"

फोन वेळेवर येत होता, हे खरं.

मग तो गुरुवार आला. मावशीला त्या दिवशी फार होतं. आदल्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून एका मोठ्या गादीचे सगळे टाके स्वतः घातले होते, डॉक्टरीणबाईंचं न ऐकता. त्याची भरपाई आता अंग वसूल करत होतं. चादर लागली तरी कळ, उजेड आला तरी कळ. खोलीत ड्रायव्हर होता, मुलगी होती. फोन वाजला. एक रिंग झाली.

"बाई," ड्रायव्हर छताला म्हणाला.

फोन थांबला नाही. वाजत राहिला.

"आज बाईंनी दंडासकट दिलाय," ड्रायव्हर म्हणाला. "पुस्तक उशिरा आलं की काय होतं, कळू दे आपल्यालाही."

मुलगी हसली. पोट धरून हसली, तिचं हसणं दुखायचं. फोन वाजून वाजून बंद पडला. आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

मुलगी कोपरावर उठली. "मावशी, उचलू का?"

"नको," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "बोटं वळत नाहीत त्यांची, रिसीव्हर नीट ठेवता येत नसेल, चुकून पुन्हा लागत असेल. उचललास तर ओशाळतील. उगाच त्यांना बोलायला लावू नकोस."

फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला, तेव्हा तो आवाज मावशीच्या दातांपर्यंत पोचला होता. ती कण्हत उठली, निळ्या काठाची एक लहान उशी घेतली आणि फोनवर ठेवली. वर हातानं दाबली. आवाज आत गेला. मग ती परत येऊन पडली. खोलीत शांत झालं. इतकं शांत, की ड्रायव्हरला झोप लागली. त्यानंच मला हे सगळं पुढे सांगितलं, आणि आपल्याला झोप लागली हे सांगताना त्यानं मान फिरवायचा प्रयत्न केला. पण ती फिरत नाही. माझ्याकडे बघतच सांगावं लागलं.

तिकडे घरी बाई न्हाणीघराच्या दाराशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड गेलं होतं. सरपटत त्या फोनपर्यंत पोचल्या, वायर ओढून तो खाली पाडला, पण त्या बोटांनी आकडे दाबता येईनात. एकच बटण दाबता आलं, शेवटचा नंबर पुन्हा लावायचं. आणि बाईंच्या फोनवरचा शेवटचा नंबर, सारी थंडीभर, एकच होता.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या माणसाला वरून काहीतरी घासल्याचा आवाज आला. दार फोडावं लागलं.

ही बातमी गल्लीत शिरली तेव्हा, तुम्हाला वाटेल, लोकांनी जीभ सैल सोडली असेल. सोडली. पण एकदाच. उशीचं कळलं आणि सलूनवाल्यानंसुद्धा आरशाकडे बघून वस्तरा पुसला. मी पन्नास गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्यात, ही एक अळणीच बाहेर पडते.

मावशी अंथरुणाला खिळली. कुणी म्हणालं दुखणं, कुणी म्हणालं लाज. दोन्ही असायला काय हरकत आहे? ड्रायव्हर दारात येऊन, सगळा वळून, तिला म्हणाला, "मावशी, बाईंना भेटायला जा. पण उशीचं नका सांगू. त्यांना वाटू दे की दुकानात कुणी नव्हतं."

"गुरुवारी?" मावशी म्हणाली. "गुरुवारी दुकानात कुणी नव्हतं, असं त्यांना वाटेल?"

ड्रायव्हरनं दाराची चौकट धरली.

"सांगितल्यावर त्या माझं तोंड बघणार नाहीत," ती म्हणाली. "आणि नाही सांगितलं तर मी त्यांचं कसं बघू?"

जायचं ठरलं, तर बसवेना. शेवटी यजमानांनी गाद्या पोचवायच्या टेम्पोत मागे एक गादी घातली, तिच्यावर मावशीला आडवं केलं, फळी लावली, आणि गादी पोचवतात तशी बायको हॉस्पिटलात पोचवली. एरवी या दृश्यावर गल्लीनं महिना काढला असता. त्या दिवशी सलूनवाल्यानं रस्ता मोकळा करून दिला.

बाई पलंगावर होत्या. वजन दोऱ्यानं लटकवून पाय ताणून धरलेला. मावशी कडेच्या स्टुलावर टेकली. कसं वाटतंय, हे मावशीला विचारता येईना, आणि दुसरं काही सुचेना.

बाईच म्हणाल्या, "मी वाजू दिला. नियम मोडला."

"किती वेळ वाजवलात?"

"मोजलं नाही. बरं वाटत होतं गं. आवाज कानाशी होता ना, तोवर मला वाटत होतं, मी तुमच्याच खोलीत आहे. ड्रायव्हर काहीतरी वात्रट बोलला असेल, पोरगी हसली असेल. वाजतोय तोवर तुम्हाला मी ऐकू येतेय."

मावशीच्या हातात दाभण नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, म्हणाली नंतर. हातांना काय करावं ते कळेना.

"बाई," ती म्हणाली, "मी फोनवर उशी ठेवली होती."

बाईंनी छताकडे बघितलं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत लांब जाईपर्यंत दोघींनी ऐकलं.

"कुठली?" बाईंनी विचारलं.

"निळ्या काठाची."

"मऊ आहे ती," बाई म्हणाल्या. मग डोळे मिटले. "आता मला बोलायला लावू नकोस."

मुलीला आपण त्या दिवशी काय म्हणालो होतो, ते मावशीला आठवलं. बाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं. ती स्टुलावरून उठली आणि यजमानांच्या आधारानं टेम्पोत येऊन पडली.

बाई परत त्या जिन्यावर गेल्या नाहीत. दूरच्या गावी भाच्याकडे त्यांना हलवलं. बाईंच्या घरातली कागदपत्रं न्यायला आला तेव्हा तो दुकानाशी थांबला होता, तेव्हा यजमानांनी त्याचा नंबर मागून घेतला आणि गल्ल्याच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवला. मावशीनं तो पाहिला, फिरवला मात्र नाही. कुठल्या तोंडानं फिरवणार?

मंडळ बंद करायचं तिनं ठरवलं होतं. गुरुवारी दार लावून बसली. पण ड्रायव्हर आणि मुलगी पायरीवर येऊन बसले, आणि ड्रायव्हरला पायरीवर बसणं म्हणजे काय शिक्षा, हे तिला माहीत होतं. उघडावं लागलं. खिडकीजवळची गादी तशीच राहिली. तिच्यावर मावशीनं फोन आणून ठेवला आणि स्वतः शेजारी आडवी झाली, एक हात रिसीव्हरवर ठेवून. नवा नियम झाला: फोन वाजला की उचलायचा. पलीकडच्यानं नुसतं "आहे" म्हटलं तरी चालेल. पण उचलायचा. ड्रायव्हरनं विनोद केले, पण जपून केले.

बरेच दिवस फोन वाजला तो ड्रायव्हरचा नाही तर मुलीचाच. मग एका गुरुवारी दोघंही खोलीत असताना तो वाजला. मावशीचा हात रिसीव्हरवरच होता. पण तिची बोटं वळेपर्यंत एक रिंग होऊन तो गप्प झाला.

ड्रायव्हर छताला म्हणाला, "बाई."

मी आहे, येता येत नाही, काळजी करू नका. नियमाप्रमाणे याचा एवढाच अर्थ. त्यात माफी होती की नव्हती, यावर गल्लीत दोन तट पडले. मावशी कुठल्याच तटात नव्हती. पुढच्या गुरुवारी ती सकाळपासून बोटं गरम पाण्यात धरून बसली, फोन लवकर उचलता यावा म्हणून. तरी उशीर झालाच. त्यापुढच्याही. एक रिंग आणि बंद. इतकी चपळ मावशी, पण आता एका रिंगेत तिचा हात उचलत नव्हता.

उन्हाळा लागला आणि एका गुरुवारी फोन वाजलाच नाही. ड्रायव्हर आणि मुलगी घरी गेले. मावशी तशीच पडून राहिली, हात रिसीव्हरवर. उजेड गेला तेव्हा तिनं यजमानांना हाक मारली. "अहो, गल्ल्याच्या झाकणावरचा नंबर सांगा."

भाच्यानं फोन उचलला. आत्या सोमवारी गेल्या, म्हणाला. झोपेतच. तुम्हाला कळवायला हवं होतं, गडबडीत राहिलं.

मावशी रिसीव्हर कानाला लावून तशीच पडून राहिली. त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं. तो म्हणाला, "तुम्ही दुकानवाल्याच ना? दर गुरुवारी तुमचा नंबर मीच लावून द्यायचो. त्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं हो. एक रिंग झाली की म्हणायच्या, ठेव. मी म्हणायचो, आत्या, अजून थोडा वाजू दे की, उचलतील. तर म्हणायच्या, नको, तिला उठायला लावू नकोस."

हे यजमानांनी ऐकलं, कारण ते रिसीव्हरला कान लावून वाकले होते. त्यांनीच तो तिच्या हातातून सोडवून जागेवर ठेवला.

मावशीनं विचारलं, "अहो, ती उशी कुठाय?"

"कुठली?"

"निळ्या काठाची."

"असेल कुठेतरी," यजमान म्हणाले.

नव्हती. हॉस्पिटलातून आले त्याच दिवशी त्यांनी ती उसवली होती, आतला कापूस यंत्रात घालून पिंजला होता आणि गिऱ्हाइकाच्या एका गादीत भरून टाकला होता. गिऱ्हाईक आमच्याच गल्लीतलं. नाव मला माहीत आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं, ते मी कुणाला सांगणार नाही. त्या माणसाला झोप चांगली लागते.